मोठ्या आवाजातली पोथी

नूतनने एका कानाला फोन लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि देवळातल्या खांबाकडे तोंड करून बसली. तरी उषाबाईंची पोथी ऐकू येतच होती. मघापर्यंत ओठांतल्या ओठांत चाललेला अध्याय नूतनने "हॅलो ताई" म्हणताच एकदम मंडपभर झाला होता. देवाला आज कमी ऐकू येत असावं तसा.

"तुमच्याकडे काही कार्यक्रम आहे का गं?" पलीकडून प्राजक्ताताईंनी विचारलं.

"नाही ताई. हे रोजचंच आहे," नूतन दात आवळून म्हणाली.

तिला खरं तर बसबद्दल बोलायचं होतं. कडोदऱ्याच्या एका साडीच्या गोदामात ती ऑनलाइन ऑर्डरी बघायची. दिवाळीनंतर कधीतरी हे सुरू झालं. कंपनीच्या बसमध्ये चढलं की छाती धडधडायची, श्वास पुरायचा नाही, हात बर्फासारखे गार पडायचे. काही घडलेलं नव्हतं, आणि हेच कुणाला सांगणं अवघड होतं. डॉक्टरांनी छातीचा कार्डिओग्राम काढून पाहिला, तो नॉर्मल आला. आईने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका काही उठला नाही, म्हणजे दृष्ट खरीच होती, असा आईचा निकाल. त्यानंतरच्या आठवड्यात नूतन बसमधून अर्ध्या वाटेतच उतरली.

मैत्रिणीने एका मोठ्या समुपदेशक बाईंचा नंबर दिला होता. त्यांची फी ऐकून नूतनने "कळवते" म्हणून फोन ठेवला आणि मैत्रिणीला म्हणाली की एवढ्या पैशांत दोन ड्रेस येतील, मनही बरं होईल आणि ड्रेसही उरतील. दोघी खूप हसल्या. पण दुसऱ्या दिवशी बस होतीच.

मग एका धर्मादाय दवाखान्यात तिला प्राजक्ताताई सापडल्या. तिथे केसपेपरचेच काय ते पैसे. पुढे आठवड्यातून एकदा फोनवर बोलायचं, तिच्या सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी चार वाजता, तेही या परमुलखात मराठीत. नूतनला वाटलं, सुटले. बोलायचं कुठे, हा प्रश्न तिला घरी आल्यावर पडला.

घर म्हणजे एक खोली आणि एक मोरी. रात्रपाळी करून आलेला योगराज, तिचा भाऊ, चार वाजता भिंतीकडे तोंड करून घोरत असायचा. दारात आई आणि शेजारणी साड्यांवर खडे चिकटवत बसायच्या. त्यांच्या हातांना काम असायचं, कानांना नाही. गच्चीवर वाळवणं आणि ती राखणाऱ्या आजीबाई. उरलं ते सोसायटीच्या टोकाचं दत्ताचं देऊळ. दुपारी गाभाऱ्याला कुलूप असे, मंडप मात्र उघडा.

आईला तिने देवळात जाते एवढंच सांगितलं. आई हरखली. नूतनने गुरुवार धरलेत, ही बातमी संध्याकाळच्या आत गल्लीभर झाली, आणि गुरुवार कशासाठी धरले असतील ते बायकांनी आपापसांत ठरवूनही टाकलं. शेजारच्या शोभाबाईंच्या भाच्याचा फोटोही येऊन गेला. नूतनने तो न बघता परत केला. आईला खरं सांगायचं म्हणजे दोनच गोष्टी होणार. एक तर ती भगताकडे नेणार, नाही तर आपलंच काही चुकलं म्हणून रडत बसणार. दुसरीची भीती जास्त होती.

आणि आता ही पोथी. प्राजक्ताताईंना अर्धंच ऐकू गेलं, अर्धं नूतनला. ताईंनी फोन ठेवताना सुचवलं की जागा बदलता आली तर बघ. बदलायला दुसरी जागा नव्हती. ही गेली तर गुरुवार गेला, आणि गुरुवारच्या जिवावर ती बाकीचे दिवस बसमध्ये चढत होती.

ती उठली आणि उषाबाईंसमोर जाऊन उभी राहिली. अध्याय वाचल्याशिवाय दुपारचा चहा घ्यायचा नाही, असा या बाईंचा नेम सगळ्या सोसायटीला माहीत होता. त्यांच्याशी मोठ्याने कुणी बोलत नसे, कारण त्या स्वतः कधी मोठ्याने बोलत नसत.

"मावशी, गुरुवारी जरा मनात वाचाल का?"

"मनातच वाचते मी," उषाबाई पोथी लाल फडक्यात बांधत म्हणाल्या. "पण मनात वाचलं की तुझं सगळं ऐकू येतं, बेटा."

नूतन त्यांच्यासमोर खाली बसली.

"पहिल्या गुरुवारी आलं ऐकू. तू रडत होतीस. मी म्हटलं, हे काही आपल्यासाठी नाही. अन् त्या ओट्यावर भाजी निवडणाऱ्या बायांसाठी तर नाहीच."

ओटा मंडपाला लागूनच होता. नूतनने तो आजवर नीट पाहिलाच नव्हता.

"आईला काही बोललात?"

"काय बोलणार? मी तर पोथी वाचत होते."

एवढं म्हणून उषाबाई चहाला निघून गेल्या.

त्यानंतर दोघींचं छान जमलं. नूतन खांबापासून उठून पार मागच्या भिंतीशी बसू लागली, तिथे ताईंचं बोलणं स्वच्छ ऐकू येई. फोन वाजला की उषाबाई घसा खाकरत. ओट्यावर कुणी येऊन बसलं की आवाज चढे, गेलं की उतरे. मान न वळवता नूतनला बाहेरची वर्दळ कळू लागली. एकदा गॅसवाला हिशेबासाठी ओट्यावर टेकला, तर पोथीतल्या देवाची स्वारी ज्या थाटात निघाली ती ऐकून त्याने पायरीवरूनच नमस्कार केला. ताईंनी शिकवलेला सावकाश श्वास नूतन याच आवाजाच्या चालीवर घ्यायची. बसमध्येही तिला तो घेता येऊ लागला होता.

मग एका गुरुवारी उषाबाईंचा घसा बसला.

नूतनच्या लक्षात आलं नाही, कारण त्या दिवशी तिच्याकडे सांगण्यासारखं होतं. आठवडाभर ती मध्ये कुठेच उतरली नव्हती. हसत हसत तिने ते सांगितलं. घरी कुणाला कळलं का, असं ताईंनी विचारलं.

"नाही ताई. आई स्वतःलाच दोष देईल. तिचं काही चुकलेलं नाही हो, पण तिला ते कोण पटवणार?"

बोलून झाल्यावर तिला मंडपातली शांतता जाणवली. तिने वळून पाहिलं. उषाबाई हातात पोथी धरून नुसत्याच ओठ हलवत होत्या, त्यातून खरखरीखेरीज काही निघत नव्हतं. आणि पायरीवर आई उभी होती. एक चप्पल काढलेली, एक पायातच. हातात लेकीच्या गुरुवारांसाठी केलेल्या शिऱ्याचं ताट.

आईने नूतनकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं. बाहेर ओट्यावर शोभाबाई भाजीची पिशवी टेकवत होत्या, त्यांच्यामागून आणखी दोघी.

उषाबाईंनी पुन्हा ओळ उचलायचा प्रयत्न केला आणि त्यांना खोकला आला.

आईने दुसरी चप्पल काढली. ताट देवाच्या दारात ठेवलं, आणि लेकीकडे पाठ करून ती उषाबाईंच्या शेजारी बसली.

"ऱ्हाऊ द्या माय, तुम्ही दम ल्या," ती म्हणाली. "आते मी म्हनस."

तिला पोथी वाचता येत नव्हती. तिने गावाकडच्या कानबाई देवीचं गाणं धरलं. ना कानबाईचा महिना, ना दिवस, आणि देऊळ दत्ताचं. पण आवाज असा लागला की ओट्यावरच्या तिघी आधी गप्प झाल्या आणि मग टाळ्यांचा ठेका धरू लागल्या.

"कोण गातंय?" प्राजक्ताताईंनी विचारलं.

"आई."

"मग आज इथेच थांबूया का?"

नूतनने आईच्या पाठीकडे पाहिलं. पदर खांद्यावरून घसरला होता, तिला तो सावरायचं भान नव्हतं.

"नको ताई. बोलूया."

एक कडवं संपलं. आई श्वास घ्यायला थांबली, तशी नूतनही बोलता बोलता थांबली. मग आईने पुढचं कडवं उचललं.