पट्ट्याखाली एक बोट

गुरुपादप्पांनी ती सीट जुन्या धोतरात गुंडाळून आणली होती. लग्नघरात आहेर ठेवावा तशी त्यांनी ती ओसरीवर अलगद टेकवली आणि स्वतः दोन पावलं मागं सरून उभे राहिले.

"बघ माय," ते लेकीला म्हणाले. "आधी वास घेऊन बघ."

सुकन्या धाकट्या सत्यमला वरणभात भरवत होती. बॅगा दारात येऊन बसल्या होत्या. बेंगळुरूचं दुपारचं विमान नांदेडहून होतं, आणि औशाहून नांदेड गाठायचं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यातच जायचा. तिनं डाव्या हातानं धोतर बाजूला केलं.

थोरल्या तनुजाची, गाडीत मुलांना बांधून बसवायची करड्या रंगाची सीट आता मरून झाली होती. नवं रेक्झिन, कडेनं पांढरी पायपिंग, खाली भरगच्च फोम. डोकं टेकायच्या जागी एक लहानसं कमळ शिवलेलं. वास खरोखरच गेला होता. गेल्या आठवड्यात येताना अहमदपूरच्या अलीकडं तनुजा त्या सीटवर भडाभडा ओकली होती. अव्वानं, सुकन्याच्या आईनं, कव्हर दोनदा धुतलं तरी आंबूस वास काही हटत नव्हता. "मी बघतो," म्हणून अप्पा ती दुकानात घेऊन गेले. "नुसती धुवा हं अप्पा," असं सुकन्यानं मागून सांगितलं होतं आणि मग ती विसरून गेली होती.

बसस्टँडसमोर अप्पांचं कुशनचं दुकान होतं. औशातल्या जीपा, ऑटो, ट्रॅक्टर, डॉक्टरांकडची स्टुलं, सगळ्यांच्या गाद्या तिथंच शिवल्या जायच्या. पहिल्या दिवशी ही सीट पाहिली तेव्हा त्यांनी ती उलटीपालटी करून बराच वेळ न्याहाळली होती. "जर्मनीची व्हय? धागा बारीक हाय. पण हात चांगला हाय शिवणाऱ्याचा," असा निर्वाळा दिला होता.

सुकन्याचा हात खांद्याच्या पट्ट्यावरून खाली सरकत गेला आणि थांबला. पट्टा मधेच वेगळा झाला होता. वरचा मूळचा, खालचा जीपच्या बेल्टचा. जोडावर चौकोन आणि चौकोनात फुली, अशी दुहेरी शिवण.

"हे काय केलंत?"

"तेवढ्या भागात लईच मुरलं होतं बघ. कापून टाकलं. आता जीप उचल त्याच्यावर, सुटायची न्हाई."

"कापायला नको होतं, अप्पा."

"का? शिवण कच्ची वाटती?"

"शिवणीचा प्रश्न नाही. पट्टा एकदा कापला की सीट बाद. फोमसुद्धा बदलायचा नसतो. तसा नियमच असतो."

"नियम करणाऱ्यानं ओकीचा वास घेतला नसंल," अप्पा हसत म्हणाले. तिच्याकडं पाहिलं आणि त्यांचं हसू विरलं. "मंग आता?"

"आता काही नाही. टाकून द्यावी लागेल."

आतून अव्वा म्हणाली, "सुके, दोन दिवस पाणी प्यायला उठलं न्हाई माणूस मशीनवरून."

"मी कुठं काय म्हणतेय अव्वा?"

आणि खरंच, ती काही म्हणाली नव्हती. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं. राग आला की ती शुद्ध बोलायची, आणि थोडं बोलायची. अप्पांना ते ठाऊक होतं. त्यांनी धोतर पुन्हा सीटभोवती गुंडाळलं, कमळ आत झाकलं आणि म्हणाले, "बरं."

सिद्धेश्वर गाडी घेऊन आला. शेजारचाच, सुकन्याच्या मागं दोन वर्गांनी शिकलेला, आता स्वतःची गाडी भाड्यानं चालवणारा. सत्यमची सीट मागं बांधली गेली. अप्पा दुसरी सीट घेऊन उघड्या दाराशी उभे राहिले.

"डिकीत ठेवा," सुकन्या म्हणाली.

"आन पोरगी?"

"बसेल तशीच. मी धरते."

तनुजा गाडीच्या मोकळ्या सीटवर बसली. मोठ्या माणसाचा बेल्ट तिच्या गळ्यावरून जाऊ लागला म्हणून सुकन्यानं तो काढूनच टाकला. जोडाच्या पट्ट्यावर विश्वास नको म्हणून पोरीला बिनपट्ट्याची बसवली, यात काही तर्क नव्हता. तिला ते तेव्हाही कळत होतं. तनुजा जन्मली तेव्हा जर्मनीतल्या दवाखान्यातून सीट दाखवल्याशिवाय बाळ घरी नेऊ दिलं नव्हतं. तेव्हापासून मूल गाडीत कधी सुटं बसवायचं नाही, हे तिनं व्रतासारखं पाळलं होतं. बेंगळुरूला परत आल्यावर नातेवाईक हसले तरी पाळलं. ते त्या दिवशी तिनं स्वतःहून मोडलं, आणि डिकीत एक सीट रिकामी होती.

अप्पा पुढं बसले होते. प्रत्येक गतिरोधकाला मागं वळून तनुजाच्या छातीपुढं हात आडवा धरत होते. चाकूरच्या पुढं सिद्धेश्वर म्हणाला, "अप्पा, मान मोडंल तुमची. मी हळूच घ्यायलोय की."

"तू समोर बघ," अप्पा म्हणाले.

येतानाच्या दिवशी याच गाडीत ती त्यांना पट्टे बांधायला शिकवत होती. अप्पांनी तनुजाला सैलसर बांधलं होतं. "असं नाही अप्पा. पट्ट्याखाली एकच बोट गेलं पाहिजे. दोन गेली की सैल." अप्पांनी आपलं बोट पुढं केलं होतं. सुयांनी घट्टे पडलेलं, पेरात वाकडं झालेलं. "कुणाचं बोट माय? तुझं का माझं?" सगळे हसले होते. तीही हसली होती.

नांदेडला विमानतळाच्या दारात तिनं सत्यमची सीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घेतली. अप्पा टोक धरून मदत करत होते.

"ही सामानात जाती?"

"हो."

"आन पोरगं?"

"मांडीवर. विमानात वेगळं असतं."

"असं व्हय," अप्पा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. ते कधी विमानात बसले नव्हते, त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. पण सुकन्याला तो टोमणा वाटला. तिनं तिकीट दाखवलं, सत्यमला कडेवर सावरलं.

"ती माझीवाली सीट... ठेवू का टाकू?"

"बघा तुम्ही," सुकन्या म्हणाली आणि आत गेली.

सामान देताना तिनं एकदा मागं पाहिलं. काचेपलीकडं अप्पा दोन्ही हातांची ओंजळ डोळ्यांशी धरून आत बघत होते. तनुजानं हात हलवला. त्यांना दिसलं की नाही कोण जाणे. काचेवर उन्हाची तिरीप होती.

बेंगळुरूला पोहोचल्यावर तिनं अव्वाला फोन केला. "अजून आले न्हाईत बघ," अव्वा म्हणाली. "लातुरात उतरलेत म्हणं, कायतरी घ्यायचंय. सिद्धेश्वरालाबी थांबवून घेतलंय. आले की लावू का फोन?"

"नको. दमले असतील. उद्या बोलते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोळ्या लाटत असताना सिद्धेश्वरचा फोन आला.

"अक्का, कामात हाईस का?"

"बोल ना."

पलीकडं बसस्टँड ऐकू येत होतं. कुणीतरी लातूर, लातूर म्हणून ओरडत होतं.

"अप्पा दुकान उघडून मशीनवर बसले होते," तो म्हणाला. "मी चहा घेऊन गेलो तर... तसेच होते अक्का. मान खाली. मला वाटलं सुई ओवायलेत."

नवरा, श्रीशैल, कामासाठी चेन्नईत होता. तो परस्पर निघाला. सुकन्याला नांदेडचं विमान मिळालं. कडेवर एक, बोटाला एक, खांद्यावर पिशवी. सत्यमची सीट हॉलमध्ये तशीच पडली होती, कालच्या प्लॅस्टिकसकट. तिनं तिच्याकडं पाहिलं. घ्यायला तिसरा हात नव्हता. दार ओढून घेतलं.

विमानात तनुजाला खिडकी मिळाली. कमरेचा पट्टा लावून घेताना ती म्हणाली, "माझी सीट कुठंय?"

"आबांकडं."

"त्यांनी फूल काढलंय त्याच्यावर."

"हो."

"तू बघितलंस?"

सुकन्यानं सत्यमची टोपी उगाच नीट केली. "बघितलं," ती म्हणाली.

नांदेडला त्याच दारात सिद्धेश्वर उभा होता. त्यानं पिशवी घेतली, गाडीचं मागचं दार उघडलं. आत ती मरून सीट पक्की बांधलेली होती. सिद्धेश्वरनं सुकन्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"काढू का? अप्पांनीच बसवली काल. गावात पोचल्या पोचल्या मशीनवर बसले, काम संपवलं, गाडीत आणून बांधली. मी म्हणलं, अप्पा, अक्का तर गेली. आता कुणासाठी? तर म्हणले, परत येईल तवा लागंलच की. काढू नको."

"त्यांना म्हटलं होतं मी, टाकून द्या."

"न्हाई. त्यांनी मला सांगितलं, ती म्हणली बघा तुम्ही. मंग मला बघाय पाहिजे का न्हाई? म्हणून तर लातुरात दुकानं हिंडलो. ह्या रुंदीचा पट्टा लवकर मिळंना."

सुकन्यानं वाकून पट्टा हातात घेतला. वरपासून बकलापर्यंत तो एकसलग होता. चौकोन नव्हता, फुली नव्हती, जोडच नव्हता. दुसऱ्या बाजूचाही बदलला होता, दोन्ही सारखे दिसावेत म्हणून. कापायला नको होतं, एवढं एकच तिच्या बोलण्यातलं त्यांना धरता आलं होतं, आणि तेवढं त्यांनी मनावर घेतलं होतं. पुस्तकाप्रमाणं ही सीट अजूनही बादच होती. हा पट्टा कुणी तपासला नव्हता, हा फोम कुणी मान्य केला नव्हता. सकाळी फोन आला नसता तर तिनं हे सगळं पुन्हा सांगितलं असतं, त्याच शुद्ध आवाजात.

तिनं तनुजाला सीटवर बसवलं. पट्टे खांद्यांवरून घेतले, बकल लावलं, ओढून घेतलं, आणि पट्ट्याखाली एक बोट घालून पाहिलं.

एरवी सीटमध्ये बसताना हातपाय झाडणारी तनुजा लोहा यायच्या आत झोपली. तिचा गाल कमळावर टेकला होता. सुकन्या मांडीवर सत्यमला घेऊन शेजारी बसली. तिचा एक हात सबंध रस्ता तनुजाच्या पट्ट्यावर होता, जिथं तो सीटच्या पाठीत शिवला होता तिथं. प्रत्येक गतिरोधकाला हाताखाली तो ताणला जायचा आणि धरायचा.

"तुझ्यासाठीच थांबलेत," सिद्धेश्वर अहमदपूरला म्हणाला. "स्वामी आलेत. खड्डा तयार हाय. अप्पांना बसवलंय."

त्यांच्यात, लिंगायतांत, गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, बसवतात, आणि बसलेलंच नेतात. तिनं आजोबांना तसं पाहिलं होतं, लहानपणी, लांबून.

ओसरीवर, काल जिथं सीट ठेवली होती त्याच्या शेजारीच, खुर्चीत अप्पा बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात झेंडूचा हार, मांडीवरच्या तळहातात इष्टलिंग. देह कलू नये म्हणून पांढऱ्या कापडाची पट्टी छातीवरून, दोन्ही खांद्यांवरून घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधली होती. बायका सरकल्या आणि सुकन्याला वाट करून दिली. अव्वा खांबाला टेकून बसली होती. ती फक्त म्हणाली, "आली बघा हो."

सुकन्या पुढं गेली. ती रडत नव्हती. तिची नजर त्या पट्टीवर होती. डाव्या खांद्यावर ती सरकून मानेत रुतली होती, कातडीला चुणी पडली होती.

"हे कुणी बांधलं?" तिनं विचारलं.

"मीच, अक्का," सिद्धेश्वर मागून म्हणाला. "मान पडायलती सारखी. म्हणून करकचून..."

"लई घट्ट झालंय."

स्वामींनी मान वर केली. कुणीतरी म्हणालं, "बाई, आता त्यांना काय लागतंय?" पण स्वामींनी हातानं थांबवलं. सुकन्या खुर्चीमागं गेली, गाठ सोडली, कापड पुन्हा खांद्यावर घेतलं, मानेपासून लांब, जिथं ते असायला हवं तिथं. गाठ मारली. मग समोर येऊन गुडघ्यावर बसली. पट्टीखाली बोट घातलं. एकच गेलं.

दारात तनुजा नुकत्याच झोपेतून उठलेल्या डोळ्यांनी उभी होती. गालावर कमळाच्या शिवणीचा वळ उमटला होता. सुकन्यानं तिच्याकडं पाहिलं, मग अप्पांच्या मांडीवरच्या हातांकडं. पेरात वाकडं झालेलं ते बोट लिंगावर मिटलेलं होतं.

"सीट लई चांगली झाली, अप्पा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "पोरगी सबंध रस्ता झोपली."