वर्गातल्या बोटीचे इंजिन

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. मासेमारीच्या बोटीचे, डिझेलवर चालणारे आणि स्वभावाने जरा तिरसट. रेवदंड्याच्या खाडीजवळच्या एका शाळेत, व्यवसाय शिक्षणाच्या वर्गात, सध्या माझा मुक्काम आहे.

माझा जन्म दूरच्या कारखान्यातला. तिथले फारसे आठवत नाही. खरे आयुष्य सुरू झाले ते बोटीच्या पोटात. तिथे अंधार, ओल आणि बोंबलांचा वास असे. वर झाकण, एका अंगाला माणूस कसाबसा सरकेल एवढी वाट, आणि बाकी सगळीकडे लाकडी फळ्या. माझी पाठ कधी कोणी पाहिलीच नाही. पण दसऱ्याला झेंडूची माळ मिळे आणि मालक चारचौघांत माझे कौतुक करी. पुढे त्याने जास्त ताकदीचे नवे इंजिन घेतले आणि मला परसात ताडपत्रीखाली टाकले. गरज सरो, वैद्य मरो. तेव्हा मला फार वाईट वाटले, हे मी लपवत नाही.

तिथून मला जयमाला मॅडमनी आणले. त्या शाळेत इंजिनदुरुस्ती शिकवतात. त्यांच्या आधीच कोणीतरी कागदावर आखून हा वर्ग बांधला होता. पांढऱ्याशुभ्र टाइल्स, जमिनीला स्क्रूने पक्के केलेले बाक, सगळ्यांची तोंडे फळ्याकडे. मला निळा रंग देऊन मधोमध उंच ओट्यावर बसवले. मुले देवळात प्रदक्षिणा घालावी तशी माझ्याभोवती फिरत आणि ज्या बाजूने सोयीचे, त्या बाजूने मला उघडत. मला तो थाट आवडला. परसातून एकदम सिंहासनावर, कोणाला आवडणार नाही?

या मुलांत मैत्री नावाची एक मुलगी होती. तिच्याइतका हलका हात माझ्यावर कोणाचा पडला नाही. पण घरी ठरले होते की, यंदा इंजिनाचे काम मिळाले नाही तर तिने पनवेलला मावशीकडे राहून कपड्यांच्या दुकानात उभे राहायचे. मावशी चांगली होती, दुकानही चांगले होते. मैत्रीला मात्र इंजिनातच हात घालायचा होता.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढतात, तेव्हा दुरुस्तीची कामे निघतात. मॅडमनी तिला रामचंद्र नाखवांकडे पाठवले. त्यांच्या तीन बोटी होत्या आणि त्यांना मदतनीस हवा होता. दुसऱ्या दिवशी मैत्री उतरलेल्या चेहऱ्याने वर्गात आली.

"काय झालं?" मॅडमनी विचारले.

"मला डिझेल फिल्टर बदलायला सांगितला, मॅडम. तो मागच्या बाजूला होता आणि मागे तर फळी. मी नाखवांना म्हटलं, तुमचं इंजिन उलटं बसवलंय."

"मग?"

"ते म्हणाले, पोरी, इंजिन उलटा नाय, तुमची शालाच उलटी हाय."

मुले फिसकन हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या, मग ओट्यावर हात टेकून म्हणाल्या, "स्क्रूड्रायव्हर आणा. आधी बाकांचे स्क्रू काढू."

मग जे सुरू झाले ते काय सांगू! बाक सुटले, त्यांना चाके लागली. हवे तेव्हा एकत्र ओढून टेबल करायचे, नको तेव्हा भिंतीला लावायचे. हत्यारे कपाटातून निघून, दुरुस्तीच्या शेडमध्ये असतात तशी, भिंतीवर टांगली गेली. आणि माझा ओटा फोडला! मला जमिनीवर उतरवून भोवती जुन्या फळ्यांचे खोके उभारले. खाली ट्रकच्या ट्यूब घातल्या, म्हणजे चौघांनी धरून हलवले की खोके लाटेवर डुलल्यासारखे डुले. फळ्या खुंट्यांवर बसवलेल्या, कारण प्रत्येक बोटीत शिरायची वाट वेगळी. आज डावीकडून, उद्या उजवीकडून. माझा रंग खरवडला गेला म्हणून मी थोडे रुसले. पण त्या अंधारात मला खूप वर्षांनी घरी आल्यासारखे वाटले.

मुख्याध्यापकांनी दारातूनच कपाळाला हात लावला. "मॅडम, पाहुण्यांना काय दाखवायचं? हा तर भंगारवाल्याचा गाळा वाटतो."

"नाखव्याची शेड वाटायला हवी, सर. अजून थोडं काम बाकी आहे," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा हातोडी उचलली.

मैत्री रोज माझ्या खोक्यात पोटावर सरपटे. डोके आपटे, कोपरे सोलवटत, पण ती बाहेर येईना. न पाहता, नुसत्या बोटांनी माझी पाठ तिला पाठ झाली. मग मॅडमनी नाखवांना वर्गातच बोलावले.

नाखवा आले, सगळीकडे फिरले. खोक्यासमोर थांबून म्हणाले, "माज्या मोठ्या बोटीन वाट या अंगाला हाय."

त्या पुढच्या बाजूने मैत्री कधीच आत गेली नव्हती. मॅडमनी खुंट्या काढल्या आणि मुलांनी फळ्या फिरवल्या. मैत्री आत सरकली. बाहेरून मुलांनी खोके डोलवायला सुरुवात केली. तिचा हात एकदा चुकला, दुसऱ्यांदा फिल्टर सापडला. नवा फिल्टर बसवून ती बाहेर आली, हँडल मारले. मी खोकले आणि बंद पडले. मित्रांनो, मला सुरू व्हायचेच होते, पण डिझेलच्या नळीत हवा राहिली की माझे काही चालत नाही.

नाखवा दाराकडे वळले.

"थांबा नाखवा," मैत्री म्हणाली. "हवा राहिलीय." ती पुन्हा आत शिरली, पुन्हा डोके आपटले. हवा काढली आणि घामाघूम होऊन पुन्हा हँडल मारले. या वेळी मी असे धडधडले की मुख्याध्यापक वर्ग सोडून धावत आले.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला ओट्यावर बसवू नका, रंगही नको. वेळेवर तेल द्या आणि मला कामाच्याच जागी ठेवा. ज्या हातांना उद्या अंधारात, ओलीत आणि अडचणीत काम करायचे आहे, त्यांना चकचकीत टाइल्सवर शिकवून फसवू नका.

त्या दिवशी नाखवांनी माझा आवाज शांतपणे ऐकून घेतला. मग मैत्रीच्या तेलाने काळ्या झालेल्या हातांकडे पाहिले.

"उद्या सकाली ये," ते म्हणाले. "आनि डबा घेऊन ये. दुपारी घरी जायला टाइम मिलाचा नाय."