एक आढं, दोन घरं

गारा पडल्या त्या जेमतेम वीस मिनिटं. आधी सुपारीएवढ्या, मग लिंबाएवढ्या. छपरावर कुणी पोतीच्या पोती दगड ओततंय असा आवाज होता, आणि त्या आवाजात मधूनच एक निराळा, कोरडा 'टक्' ऐकू यायचा. तो कौल फुटल्याचा. सिस्टरांनी पहिले सात 'टक्' मोजले आणि मग मोजायचं सोडून दिलं.

गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. चौतीस वर्षं इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेल्या, नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झालेली, एकट्या. संकटात आधी हात चालवायचे आणि रडायचं ते नंतर, ही वॉर्डातली सवय अंगात मुरलेली. त्यामुळे गारा थांबेपर्यंत घरातल्या सगळ्या बादल्या, पातेली, अगदी पिठाचा रिकामा डबासुद्धा जागोजाग मांडून झाला होता. मागच्या खोलीत मान वर करून पाहिलं तर छपरातून पाच ठिकाणी लख्ख ऊन आत आलेलं.

घर तसं अर्धंच त्यांचं. नवरा आणि दीर, दोघा भावांनी मिळून बांधलेलं, मधोमध भिंत, डावीकडे थोरला, उजवीकडे धाकटा. वर मात्र छपराच्या माथ्यावरून गेलेलं आढं एकच आणि छप्परही एकच. उजव्या अर्ध्यात आता त्यांची धाकटी जाऊ राहायची. ती शिवणकाम करायची आणि तिचा नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात.

जावाजावा उभा दावा म्हणतात. या दोघींचा दावा उभा नव्हता आणि आडवाही नव्हता, नुसता निजलेला होता. नऊ वर्षं. सासूबाईंचं दुखणं हाताबाहेर गेलं त्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्यात धाकटी म्हणाली होती, "इतकी वर्षं नर्स आहात, आणि घरातल्या माणसाचं तुम्हाला कळलं नाही?" सिस्टर त्यावर काहीच बोलल्या नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. एकीचं पत्र चुकून दुसरीकडे आलं तर दाराच्या फटीतून आत सरकवायचं, एवढाच काय तो व्यवहार उरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत निळ्या कोटातला एक माणूस दारात हजर झाला. बाहेर गाडी, गाडीवर शिडी, हातात चकचकीत फाईल.

"बाई, तुमचं छप्पर संपलं," तो म्हणाला.

"तुम्ही अजून वर चढला नाहीत."

तो हसला, वर चढला आणि पाच मिनिटांत खाली येऊन त्यानं फोनवर फोटो दाखवले. फुटक्या कौलांची रांगच्या रांग. "सगळं छप्पर बदलायला लागेल. काळजी करू नका, विमा कंपनी देते. तुम्ही फक्त इथं सही करा आणि आज थोडा ॲडव्हान्स द्या. माल आजच उचलला नाही तर भाव वाढतील."

त्यानं सांगितलेला आकडा सिस्टरांच्या चौदा महिन्यांच्या पेन्शनएवढा होता. चष्मा नाकावर चढवून त्यांनी फोटो पुन्हा नीट पाहिले.

"ही कौलं लाल आहेत. माझी शेवाळून काळी पडलीत."

"फोटोत जरा उजळ दिसतं हो."

सिस्टरांनी कागद घेतला. आयुष्यात हजारो लोकांच्या सह्या त्यांनी घेतल्या होत्या, ऑपरेशनच्या आधी, घाबरलेल्या नातेवाइकांना एकेक ओळ वाचून दाखवून. बारीक अक्षरांत काय दडलेलं असतं ते त्यांना ठाऊक होतं. मागच्या पानावर सापडलंच. विम्याचे पैसे परस्पर या माणसाला मिळणार होते. विम्यानं दिले नाहीत तर सगळी रक्कम घरमालकानं भरायची. आणि मन बदललं तर चौथा हिस्सा दंड.

"मला विचार करायचा आहे," त्या म्हणाल्या आणि कागद परत दिला.

तो गेला. गेला म्हणजे शेजारी गेला. मधली भिंत पातळ. शिवणयंत्राची घरघर थांबलेली त्यांना ऐकू आली, मग तेच गोड बोलणं, तोच आकडा. सिस्टर ओट्यावरचं पाणी पुसत राहिल्या. आपल्याला काय त्याचं? ती काही लहान नाही. मग भिंतीपलीकडून शब्द आले, "शेजारच्या बाईंनी तर आत्ताच सही केली."

फडकं तिथंच पडलं. नऊ वर्षांत जे अंतर कापलं नव्हतं ते सिस्टरांनी घरातल्या स्लिपरांवर अकरा पावलांत कापलं. दार उघडंच होतं. धाकटी टेबलाशी बसलेली, गळ्यात मापाची फीत, हातात पेन.

"सही करू नकोस," सिस्टर म्हणाल्या. "मी केलेली नाही."

धाकटीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, जणू फार दिवसांनी कुणी परगावहून आलंय. मग निळ्या कोटाकडे वळली.

"तुम्ही तर म्हणालात, यांनी केली."

"म्हणजे... करणारच होत्या."

"दादा, मापात खोट निघाली तर मी कापड परत देते," धाकटीनं पेनाला टोपण लावलं. "हा घ्या तुमचा कागद."

तो जाताना "नंतर पस्तावाल" वगैरे पुटपुटला. तेवढ्यात छपरात साचलेलं पाणी बदाबद पडलं ते थेट कापडाच्या गठ्ठ्यावर. शाळेच्या गणवेशाचं कापड, दोन महिन्यांचं काम. धाकटी धावली. गठ्ठा भिजून जड झालेला, एकटीला उचलेना. सिस्टरांनी दुसरं टोक धरलं. एक, दोन, तीन म्हणत पेशंट स्ट्रेचरवर घेतात तसा तो गठ्ठा त्यांनी कोरड्या कोपऱ्यात नेला.

"आभाळच फाटलंय, ठिगळ कुठं कुठं लावणार," धाकटी धापा टाकत म्हणाली.

"तू शिंपीण आहेस. तूच सांग."

धाकटीला हसू आलं, आणि आलं म्हणून जरा अवघडल्यासारखंही झालं. "मांजर मिस्त्रींना बोलवायचं का?" तिनं विचारलं.

मांजर मिस्त्री सत्तरीचे. छपरावर असे चालायचे की पायाखालचं कौल हूं की चूं करायचं नाही, म्हणून हे नाव. ते दुपारी आले, पण वर चढायच्या आधी दोघींना अंगणात उभं करून त्यांनी शाळाच घेतली.

"फोटो काढलेत? आधी फोटो, मग ताडपत्री, मग विम्याला फोन. क्रम चुकवू नका. झाकून टाकलं की मग कुणी मानत नाही. ताडपत्रीची पावती जपा, तेही पैसे मागता येतात. आणि फुटलेले चार तुकडे फेकू नका, साहेबाला दाखवायला ठेवा."

मग ते वर गेले आणि तासभर तिथंच होते. सिस्टरांच्या बाजूला चौऱ्याहत्तर कौलं फुटलेली, धाकटीच्या बाजूला एकशे दहा. आढ्यावरची एक ओळ तडकलेली, पन्हळ दोन जागी चेपलेली.

"म्हणजे सगळं छप्पर बदलायचं नाही?" धाकटीनं विचारलं.

"डोकं दुखतं म्हणून मान कापतात का, बाई? बाकीची कौलं अजून वीस वर्षं हलत नाहीत. आता खर्चाचं ऐका. कौल स्वस्त असतं, कौलापर्यंत पोचणं महाग. चढायला बांबूंची परांची बांधायची, माणसं लावायची, जुनं उतरवायचं, त्यात पैसे जातात. दोघी वेगवेगळं काम कराल तर परांची दोनदा. आणि आढं तर एकच. एका बाजूनं उघडून एका बाजूनं बंद केलं तर पाणी दोघींकडे सारखंच येईल. ते काही भांडण बघत नाही."

दोघींनी एकाच वेळी जमिनीकडे पाहिलं. यांचं भांडण गल्लीला ठाऊक होतं तसं मिस्त्रींनाही होतं.

"आणखी एक," मिस्त्री जरा खाली आवाजात म्हणाले. "सिस्टर, तुमच्या बाजूला आढ्याखालच्या लाकडी पट्ट्या कुजल्यात. हे गारांचं काम नाही. चार-पाच वर्षांची गळती असेल. विमा हे देणार नाही, आणि मीही गारांच्या नावावर लिहिणार नाही. पण त्या बदलल्याशिवाय वर कौल बसवलं तर ते टिकायचं नाही."

सिस्टरांचा चेहरा उतरला. ती गळती त्यांना माहीत होती. नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झाली. एका कोपऱ्यात थेंब थेंब. खाली पातेलं ठेवलं की भागायचं. मिस्त्रीला बोलवायचं म्हणजे शिडी धरायला माणूस हवा, त्यापेक्षा पातेलं सोपं.

"मला कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "रोज डोळ्यांसमोर होतं."

त्यांनी ते स्वतःशीच म्हटलं होतं. पण धाकटीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. मिस्त्री शहाणे, पन्हळ बघण्याचं निमित्त काढून घराच्या मागे निघून गेले.

"ताई," धाकटी म्हणाली. "ते मी तेव्हा बोलले..."

"राहू दे."

"नऊ वर्षं राहूच दिलं. आईंना पाठदुखी होती, त्या मला सांगायच्या. मी शेकायची पिशवी द्यायचे. तुम्हाला सांगू नकोस म्हणायच्या, ती ड्यूटीवरून दमून येते म्हणायच्या. आणि मी नाही सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, दुखणं कधीपासूनचं, तेव्हा माझी बोबडी वळली. कुणावर तरी ढकलायचं होतं, ताई. तुम्ही समोर होतात."

सिस्टर अंगणातल्या पायरीवर बसल्या. वाटलं होतं, हे कधी ऐकलं तर राग येईल. आला नाही. दमल्यासारखं मात्र फार झालं, लांब पाळी संपवून बूट काढल्यावर होतं तसं.

"तुला कळलं असतं आणि मला सांगितलं असतंस," त्या म्हणाल्या, "तरी फार तर दोन-तीन महिने मिळाले असते. मी त्या दुखण्याबद्दल नंतर वाचून काढलं सगळं. ते तुला कधीतरी सांगायला हवं होतं. मीही नाही सांगितलं."

धाकटी पदरानं नाक पुसत त्यांच्या शेजारी बसली. कुणी कुणाला मिठी वगैरे मारली नाही. थोड्या वेळानं धाकटी उठली आणि आत जाऊन तीन कप चहा घेऊन आली. तिसरा मिस्त्रींचा.

आठवड्यानं विम्याची बाई आली, हातात टेप, पायात बूट, फार बोलणारी नव्हे. मिस्त्री तिच्याबरोबर वर चढले आणि एकेक फुटकं कौल दाखवत गेले. तिनं गारांचं नुकसान मान्य केलं, ताडपत्रीही मान्य केली, कुजक्या पट्ट्यांवर काट मारली. धाकटीचा विमा नवा, तिला जवळजवळ पूर्ण भरपाई मिळाली. सिस्टरांचा जुना, छपराच्या वयापोटी त्यातून बरीच रक्कम कापली गेली, शिवाय सुरुवातीचा ठरलेला हिस्सा स्वतःच भरायचा होता. हे सगळं पॉलिसीत पहिल्यापासून लिहिलेलं होतं. इतरांना एकेक ओळ वाचून दाखवणाऱ्या सिस्टरांनी आपला कागद कधी वाचलाच नव्हता.

सगळं धरून दोन्ही घरांचं मिळून काम निळ्या कोटाच्या एका घराच्या आकड्याच्या निम्म्यातही बसत होतं. तरी पट्ट्यांसकट सिस्टरांना तीन महिन्यांची पेन्शन घालावी लागणार होती.

"पट्ट्यांचे निम्मे मी देणार," धाकटी म्हणाली.

"मुळीच नाही. दुर्लक्ष माझं."

"आढं दोघींचं आहे ना? मग त्याच्याखालचंही दोघींचं."

"सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही तुझा."

"आणि तुमचा गेलाय वाटतं?"

शेवटी मिस्त्रीच वैतागले. "तुम्ही ठरवा नाहीतर मी पट्ट्या फुकट देतो आणि उपाशी मरतो." तेव्हा ठरलं, पट्ट्या सिस्टरांच्या आणि परांचीचं पूर्ण भाडं धाकटीचं.

काम पाच दिवस चाललं. पाचव्या दिवशी दुपारी मिस्त्रींनी नळाचा लांब पाइप वर नेला आणि आढ्यावर पाणी सोडलं. दोघी आपापल्या घरात माना वर करून उभ्या.

"इकडे कोरडं!" सिस्टर ओरडल्या.

"इकडे एक थेंब! यंत्राच्या वर!"

मिस्त्री वरच्या वर सरकले, एक कौल उचलून पुन्हा बसवलं, पुन्हा पाणी सोडलं. सिस्टरांना आपल्या खोलीत थांबवेना. त्या शेजारी गेल्या आणि दोघी यंत्रापाशी उभ्या राहून वर बघू लागल्या. पाच मिनिटं. दहा मिनिटं. थेंब आला नाही.

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. बोटीवरून नवऱ्याचा.

"हो, झालं काम. आत्ताच पाणी मारून बघितलं," ती म्हणाली. "थांबा, ताईंना देते."

"कोण ताई?" पलीकडून, इंजिनाच्या घरघरीत, मोठ्यानं विचारलेलं सिस्टरांनाही ऐकू आलं.

धाकटीनं फोन त्यांच्या हातात दिला.

"मी बोलतेय रे," सिस्टर म्हणाल्या.

मग दिराचा आवाज आला, एकदम बारीक झालेला. "वहिनी?"

"हो, मीच. छप्पर ठीक आहे, काळजी करू नकोस. तू जेवतोस ना वेळेवर?"