चौथ्या पातळीतला टम्म मासा

कानेमित्सु सुमिए दोन वर्षं ओसाकातल्या एका छोट्या व्हिडिओ गेम कंपनीत विटा आणि ढग काढत होती. खेळणारा उड्या मारत पुढे पळतो, ढगांकडे बघतोय कोण? एकोणीसशे नव्वदच्या हिवाळ्यात तिला पहिल्यांदा स्वतःचा प्राणी काढायला मिळाला आणि तिने जीव ओतून काढला. फुग्यासारखा टम्म, इवल्याशा परांचा, आकाशात तरंगणारा विषारी मासा. त्याला शिवलं की नायक खलास.

पण गेम ज्यात भरतात त्या कार्ट्रिजमध्ये जागा संपत आली होती. मालक किरिबुचीसाहेबांनी सांगून टाकलं, "एक शत्रू जाणार. शुक्रवारी मी स्वतः खेळून बघतो. ज्याच्यात दम नाही, त्याला नारळ."

जाणार तो मासाच, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. ना दात, ना नखं, चाल गोगलगायीची. पुन्हा विटा काढायच्या या विचाराने सुमिएला आठवडाभर अन्न गोड लागेना.

शुक्रवारी साहेब पडद्यासमोर बसले, मागे सगळं ऑफिस उभं. चौथ्या पातळीत साहेबांची उडी चुकली, नायक दरीत कोसळला आणि वाटेत माशावर आदळला. सुमिएने डोळे मिटून घेतले.

उघडून बघते तर नायक जिवंत. मासा दुप्पट फुगला होता आणि नायकाला पाठीवर घेऊन, डुलत डुलत, दरीच्या वर निघाला होता. साहेब नायकाला पुन्हा दरीच्या काठावर घेऊन गेले आणि या वेळी उडी मुद्दाम चुकवली.

सुमिएने प्रोग्राम लिहिणाऱ्या तात्सुमीला गाठलं. "तात्सुमीसान, तो विषारी आहे हो. शिवलं की मरायला हवं."

"तुम्हीच माशाच्या चित्राखाली 'फुकु' लिहिलंत. फुकु म्हणजे भाग्य. भाग्याला शिवून कुणी मरतं का? मी त्याला बक्षिसांच्या यादीत टाकलं, शिवलं की नायकाला वर उचलायचं."

"अहो, आमच्या शिमोनोसेकीत फुगु माशाला फुकुच म्हणतात. फुगु हे दुर्दैवासारखं ऐकू येतं, तसं म्हटलं की अपशकुन होतो."

"आम्ही ओसाकावाले त्याला बंदूक म्हणतो. लागली की माणूस आडवा. तसं लिहायचंत ना बाई, मी नायक बरोब्बर मारला असता."

"भांडण बाहेर," साहेब म्हणाले. टाय खांद्यावर टाकून पन्नाशीचा तो माणूस पाचव्यांदा दरीत उडी घेत होता. "मासा राहतोय. पण हे उडणं नीट बसवायचं तर जागा आणखी लागेल. एका शत्रूवर भागणार नाही. अजून काय काढून टाकू?"

जो तो आपलं काम पोटाशी धरून उभा.

"माझे ढग काढून टाका," सुमिए म्हणाली.

"किती?"

"सगळे."

"दोन वर्षांचं काम आहे ते," तात्सुमी हळूच म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

पुसायला ती स्वतःच बसली. प्रत्येक ढग ओळखीचा होता, तिला वाईट वाटलं, आणि तरी हात थांबला नाही. पंधरा मिनिटांत आकाश कोरं निळं झालं.

साहेबांनी खेळायचा कंट्रोलर तिच्यापुढे धरला. "आता तू चढ."

तिने दरीत उडी टाकली. मासा आला, फुगला आणि तिला घेऊन वर निघाला, अडवायला काहीच नव्हतं. सुमिए खदाखदा हसत सुटली, आणि कंट्रोलर परत मागणाऱ्या साहेबांचा हात तिने कोपराने बाजूला सारला.