रिन्स्केला इंग्रजीत काय म्हणायचं

रिन्स्केने घट्ट विणीचा मोजा रुनियाबाईंच्या टाचेवरून सोडवून पोटरीपर्यंत ओढला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. एरवी वृद्धाश्रमातल्या कामात ती फोनला हात लावत नसे. आज तिने काढून वाचलं, पुन्हा वाचलं आणि मोजा अर्ध्यावरच ठेवून पलंगाच्या कडेवर बसली.

"कोण गेलं?" रुनियाबाईंनी विचारलं.

"कोणी नाही. आयर्लंडहून उत्तर आलंय. बॉयलर बघायला त्यांना माणूस मिळाला म्हणे. कुलपं आणि हिरवळही तोच बघणार."

"तू बॉयलरसाठी अर्ज केला होतास?"

"मी फरझोर्खंदे म्हणून केला होता, माणसांची काळजी घेणारी. फोनने त्याचं इंग्रजी केलं, केअरटेकर. तिकडे तो इमारतीची काळजी घेतो म्हणे."

रुनियाबाईंचे खांदे हलायला लागले. हसू आवरेना तेव्हा त्यांनी डावा हात तोंडावर धरला. उजवा मांडीवर तसाच पडून राहिला. मग रिन्स्केचा चेहरा दिसला आणि त्यांनी हात खाली घेतला.

रिन्स्केची मुलगी निन्के आयर्लंडमध्ये बँट्रीला चीज करणाऱ्या एका घरात लग्न करून गेली होती आणि तिला दिवस गेले होते. ये, इथल्या हॉटेलांना सफाईला बायका हव्याच असतात, असं ती फोनवर म्हणाली होती. बाळाला बघायला रिन्स्के कधीही गेली असती. पण राहायला जायचं तर स्वतःच्या कामावर, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. बँट्रीतल्या वृद्धाश्रमात तिच्या कामाची जागा रिकामी होती.

"मी करते," रुनियाबाई म्हणाल्या.

"काय?"

"इंग्रजी. तुझं."

हार्लिंगेनच्या डच बंदरात रुनियाबाईंनी उभं आयुष्य जहाज कंपन्यांसाठी डचचं इंग्रजी केलं होतं. मग मेंदूचा झटका आला, उजवं अंग लुळं पडलं, आणि नको तो शब्द नको तिथे यायला लागला. अलीकडे बोलणं पुष्कळ सुधारलं होतं, पण कामाचं नाव त्यांनी काढलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला ताण..."

"डॉक्टरांना कोण विचारतंय? आधी तो मोजा वर ओढ."

दिवाणखान्यात सकाळच्या कॉफीला ही बातमी रिन्स्केच्या आधी पोहोचली. तिथली कॉफी, जेवणं आणि गप्पा सांभाळणारी गेपके किटली हातात धरूनच टेबलाशी आली. दारावरच्या पाटीवर तिला 'यजमानीण' म्हटलेलं होतं.

"माझं इंग्रजी काय होईल हो, रुनियाबाई?"

"होस्टेस."

"म्हणजे बारमधली?"

"पगार बरा असतो," रुनियाबाई म्हणाल्या आणि रिन्स्केकडे वळल्या. "आता तू. पदाचं नाव सांगू नकोस. काय करतेस ते सांग."

"धुते, पुसते, कपडे घालते. गोळ्या देते, इंजेक्शन देते, जखमा बांधते."

"ते तुमच्यातल्या सगळ्याच करतात. तुझ्या नावापुढे 'प्रथम जबाबदार' लिहिलंय, ते कशासाठी?"

रिन्स्केने टेबलावरचे पावाचे कण तळहाताने गोळा केले.

"काही माणसं माझी असतात. तुम्ही आहात, खिडकीजवळचे डाउवेआजोबा आहेत. त्यांचं सगळं माझ्यापाशी येतं. गोळी बदलली, मुलगा रुसला, रात्री झोप लागली नाही. काही चुकलं तर उत्तर मी द्यायचं."

रुनियाबाईंनी डोळे मिटले. बोटं टेबलावर टकटक करत राहिली. शब्द आला नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी गेपकेने सोललेलं पेअर परत पाठवलं आणि विचारल्याशिवाय कोणाशी बोलल्या नाहीत.

"राहू द्या," रिन्स्के म्हणाली. "इतकं काही अडलेलं नाही."

"तुझं नसेल अडलं."

वाटाण्याच्या सुपाच्या दिवशी त्यांनी अर्धा भरलेला चमचा खाली ठेवला.

"की-वर्कर."

"म्हणजे पुन्हा किल्ल्या?" गेपके म्हणाली. "बॉयलरमधून सुटली आणि कुलपात अडकली."

"किल्ल्यांचा काही संबंध नाही. तिथेही प्रत्येक म्हाताऱ्यामागे एक माणूस नेमलेला असतो, त्यालाच हे नाव आहे. सीनियर केअर असिस्टंट आणि की-वर्कर. हेच ते." त्यांनी टेबलावर थाप मारली. सूप उडून गेपकेच्या बाहीवर पडलं आणि तिने ते पुसलंसुद्धा नाही.

त्या शब्दांत रिन्स्केने पुन्हा अर्ज केला, आणि या वेळी बँट्रीहून मुलाखतीचं बोलावणं आलं. रिन्स्केचं इंग्रजी हवापाण्यापुरतं होतं. म्हणून दोघी रुनियाबाईंच्या खोलीत लॅपटॉपसमोर शेजारी शेजारी बसल्या. पलीकडे आश्रमाच्या प्रमुख मिसेस स्कली होत्या. त्या बारीक चष्म्यातून बघत आणि नेमकं विचारत. रिन्स्के डचमध्ये सांगे आणि रुनियाबाई ते इंग्रजीत करत. वाक्यं जरा जुन्या वळणाची होती, पण एकही अडखळलं नाही. रिन्स्के मधूनच स्वतःचं उत्तर विसरून त्यांच्याकडे बघत राही.

"सगळं उत्तम आहे," शेवटी मिसेस स्कली म्हणाल्या. "पण इथल्याच एका बाईंचाही अर्ज आहे, आणि असंच त्याही सांगतात. मी तुमचं काम पाहिलेलं नाही." मग त्या रुनियाबाईंना म्हणाल्या, "तुम्ही भाषांतर कंपनीच्या का?"

रुनियाबाईंनी रिन्स्केला हा प्रश्न सांगितला नाही. 'हो' म्हणून मोकळं होता आलं असतं. मग कदाचित ती तिथलीच बाई निवडली गेली असती, आणि पुढेही रोज सकाळी दारावर रिन्स्केची टकटक झाली असती.

त्यांनी डाव्या हाताने लॅपटॉपचा पडदा पुढे झुकवला. चाकांची खुर्ची दिसली, मांडीवरचा हात दिसला.

"नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी इथे राहते. ही माझी की-वर्कर. मी आले तेव्हा चमच्याला होडी म्हणत होते. ही रोज सकाळी एक वस्तू माझ्या हातात द्यायची आणि मी नाव घेईपर्यंत थांबायची. एकदाही तिने माझ्याऐवजी शब्द उच्चारला नाही. आज तुम्ही जे इंग्रजी ऐकलंत, ते तिचं काम आहे."

मिसेस स्कलींनी चष्मा काढला. मग त्यांनी विचारलं, रिन्स्के सप्टेंबरपासून येऊ शकेल का?

पडदा काळा झाल्यावर रिन्स्केने विचारलं, "शेवटी काय म्हणालात? मला फक्त चमचा कळला."

"तुझ्या कामाचं वर्णन केलं. सप्टेंबर म्हणाल्या त्या."

रिन्स्के उठली, परत बसली. तिने रुनियाबाईंचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "आणि तुमचं कोण बघणार?"

"ते सप्टेंबरमध्ये बघू. आत्ता मला दिवाणखान्यात ने." रुनियाबाईंनी ब्लाउजची कॉलर नीट केली. "आणि हळू ढकल. सगळ्यांना बघू दे."