आभाराची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे आणि माझा आवाज काही गोड नाही. गोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

ओरुरो गावातल्या एका म्हाताऱ्या ओतारानं मला ओतलं. बाजारात कांदे विकणाऱ्या गुमर्सिंदामावशीनं मला आणलं आणि बायकांच्या आश्रयघराच्या फाटकाबाहेर टांगलं. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईनं दोरी ओढायची की आतून कुणीतरी धावत यायचं, एवढंच माझं काम. आमच्याकडे नव्या वस्तूला एक मानलेली आई असते. माझी आई मावशीच. तिनं माझ्यावर मक्याची दारू शिंपडली, रंगीत कागदाचे कपटे उधळले आणि डोळे पुसत म्हणाली, "पोरी, माझ्या वेळी असली घंटा नव्हती गं."

ऊन, वारा, गारा सोसत मी वर्षानुवर्षं वाजले. मला कुणी कधी पुसलं नाही, पण हाकेला कुणी आलं नाही असंही कधी झालं नाही.

मग घराची चूल विझायची वेळ आली. तेव्हा नार्दानं सभासद वाढवायचा विडा उचलला. ही शाळेतली मास्तरीण, शाळा सुटली की इथं फुकट राबायची. तिनं युक्ती काढली. घरातल्या प्रत्येक वस्तूला नवी मानलेली आई शोधायची, आणि त्या आईनं घराला वर्गणी द्यायची! गाद्यांना आया मिळाल्या, शेगडीला मिळाली, खिडक्यांनासुद्धा. खोटं कशाला बोलू, त्या वर्षी पोरांच्या ताटात मांस आलं.

पण आईला मान द्यावा लागतो. मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या मिर्थाबाईंना खिडकी नको होती, शेगडी नको होती. त्यांना मी हवी होते.

"हिला आई आहे," मावशी म्हणाली.

"अहो मावशी, समजून घ्या ना," नार्दा म्हणाली. "मिर्थाबाई रुसल्या तर त्यांच्या मैत्रिणीही जातील."

"जाऊ देत! दानाचा डांगोरा पिटायला घंटा कशाला लागते? यांची तोंडं काय कमी आहेत?"

पण कांदेवालीचं कोण ऐकतं? मला उतरवलं, लिंबानं घासलं, रिबीन बांधली आणि अंगणातल्या उंच खांबावर टांगलं. फाटकावर विजेची बेल बसवणार होते. समारंभानंतर.

समारंभाच्या दिवशी नार्दा एकेक नाव पुकारत होती. नाव आलं की त्या बाईच्या डोक्यावर कागदाचे कपटे, टाळ्या आणि मिर्थाबाईंच्या हातून माझा ठणठणाट. खांबावरून मला फाटकाबाहेरचं दिसत होतं. साबिना नावाची एक बाई आली होती. पाठीला पोर बांधलेलं, ओठ फुटलेला. तिनं माझी दोरी शोधली. तिथं नुसता खिळा होता. मग ती मुठीनं फाटक बडवू लागली.

"आता शेगडीच्या आई!" नार्दा ओरडली, आणि मी वाजले. पुन्हा नाव, पुन्हा मी. अहो, जीभ माझी असली तरी दोरी त्यांच्या हातात! त्या गलक्यात साबिनाची मूठ कुणाला ऐकू येणार? शेवटी कोपऱ्यावरून तिचा नवरा आला आणि तिला दंडाला धरून घेऊन गेला. आत सगळ्या जेवायला बसल्या.

इस्पितळातून सुटल्यावर साबिना पुन्हा आली, पोराला घेऊन, कायमची. डाव्या डोळ्यावर पट्टी होती. तो डोळा आता कधीच उघडणार नव्हता. नार्दा तिला मिठी मारून रडली. खरंच रडली, नाटक नव्हतं ते.

"ताई," साबिनानं विचारलं, "त्या दिवशी आत घंटा कसली वाजत होती?"

"आम्ही... आभार मानत होतो गं."

"कुणाचे?"



मी अजून अंगणातच आहे. मिर्थाबाईंचं मन कोण दुखवणार? फाटकावर बेल आली, आणि हो, तिलाही एक मानलेली आई मिळाली! मावशी मात्र आता इकडे फिरकत नाही.

मित्रांनो, देणाऱ्यांचे आभार जरूर माना, त्यांच्यामुळेच चूल पेटते. पण माझी दोरी ओढण्याआधी एकदा दार उघडून बाहेर बघा. कुणीतरी कधीचं उभं असेल.