बातम्या ऐकणारा बोका

"सांगितलं तर कोणाचा विश्वास बसायचा नाही, यशोदावहिनी, पण आमचा बोका फक्त बातम्याच ऐकतो!" अडकित्त्यात सुपारी धरून मनमोहनरावांनी ठोकून दिलं.

शेजारच्या यशोदाबाई दारातच हसल्या. गिरगावातल्या त्या चाळीत मजल्यावर रेडिओ एकच, मनमोहनरावांचा. संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. बातम्यांना अख्खा मजला त्यांच्या खोलीत जमे आणि मग रावांचं भाष्य चाले. या घरात सिनेमाची गाणी लागत नाहीत, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांना स्वतःलाही ते पटलं होतं. बुधवारी बायका भजनाला गेल्या की आठ वाजता दार लोटून ते रेडिओ सिलोनची गाणी लावत, हे खरं. पण त्याला ते ऐकणं म्हणत नसत. सुई जरा तिथे टेकायची, इतकंच. टेकली की तासभर.

आज बुधवारच, पण भजनाची पेटी वाजवणाऱ्या राधाबाई तापाने पडल्या, म्हणून भजन नव्हतं. तो मोका साधून सुमतीबाईंनी वर्षभर मनात ठेवलेलं मागणं नवऱ्यापुढे काढलं होतं. "अहो, बुधवारची गाणी आम्हा बायकांना ऐकू द्या ना. आठवड्यातून एकदाच!"

"अगं, गाण्यांनी रेडिओचे व्हॉल्व्ह जातात! बोक्यालासुद्धा कळतं ते."

घड्याळात आठचे ठोके पडले. कोपऱ्यातला बोका उठला, अंग ताणलं आणि टुणकन बंद रेडिओवर चढून बसला. सेट तापला की त्याचं पोट शेकायचं. आज लाकूड गार लागलं, तसा रावांकडे बघून तो चांगलाच ओरडला.

"अगोबाई! बातम्या तर मघाशीच झाल्या," यशोदाबाई म्हणाल्या. "हा आत्ता कशाला चढला?"

राव क्षणभर गडबडले. पण थाप अर्ध्यावर सोडतील तर ते मनमोहनराव कसले?

"मुंबईचं काय ठरलं ते ऐकायला! चळवळीचं नाव काढा, शेपूट ताठ. आणि गाणं लागू दे, सुटतो तो थेट चौपाटीला! गेल्या बुधवारीच बघा ना, पहिल्याच कडव्याला कान पाडून पळाला. तिसरं गाणं संपलं तरी पठ्ठ्या परत नाही!"

सुमतीबाई रेडिओपाशी गेल्या आणि त्यांनी बटण फिरवलं.

"बोलवा हो वहिनी सगळ्यांना. बोका तर पहिल्याच कडव्याला पळाला. मग तिसरं गाणं संपेपर्यंत इथे बसून ऐकलं कोणी?"